नऊ खणांची कमान : वीस अंश आणायचे कुठून?

काम वरकरणी साधं आहे. कमानीच्या खिडकीला लोखंडी ग्रिल. चौकटीच्या आतली रुंदी १२०० मिमी, म्हणून वरच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या ६०० मिमी. सळई सगळीकडे १२ मिमी चौरस. खालच्या आयताकृती भागात सहा उभ्या सळया, म्हणजे सात खण. वरच्या कमानीत मध्यापासून पंख्यासारख्या पसरलेल्या आठ सळया, म्हणजे नऊ खण. दोन्हीकडे विषम संख्या मुद्दाम घेतली आहे. विषम खण घेतले की बरोबर मध्यावर सळई न येता मोकळा खण येतो आणि त्यात नक्षीचं फूल किंवा अक्षर बसवता येतं.

या एका ग्रिलमध्ये शाळेच्या भूमितीतले दोन प्रश्न आहेत. रेषाखंडाचे सात समान भाग करा, आणि १८०° च्या कोनाचे नऊ समान भाग करा. वाचताना दोन्ही सारखेच वाटतात. पहिल्याचं उत्तर यूक्लिडच्या सहाव्या पुस्तकातल्या नवव्या विधानात आहे आणि ते कितीही भागांना चालतं. दुसरा प्रश्न नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कुणालाच सुटणार नाही, हे फ्रेंच गणिती प्येर वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. ग्रिल मात्र बनवायचीच आहे, आणि ती बनतेही.

खालचा भाग : सात खण

१२०० ला ७ ने भागलं की १७१.४२८५… येतं. टेपवर ४२८५ कुठे असतं? म्हणून बरेच जण १७१ धरून खुणा करत जातात आणि शेवटच्या खणात ३ मिमी जास्त उरतात. ही चूक लहान आहे. मोठी चूक वेगळीच आहे. सळईला जाडी असते. १२०० चे सात भाग करून सहा खुणांवर सळयांचे मध्य ठेवले, तर आतल्या खणातून दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी सळई, म्हणजे १२ मिमी, वजा होते. टोकाच्या खणातून फक्त ६ मिमी जाते, कारण त्याच्या एका बाजूला चौकटीची कड आहे. आतले खण १५९.४ आणि टोकाचे १६५.४ मिमी होतात. दोन सुतांचा फरक. रंग लावल्यावर तो सहज नजरेत येत नाही, पण खणांमध्ये एकाच मापाच्या डिझाइनच्या पट्ट्या बसवायला घेतल्या की आत अडकतात आणि टोकाला ढिल्या राहतात.

यावर उपाय सोपा आहे. रेषाखंड दोन्ही टोकांना अर्ध्या सळईने वाढवायचा. डावीकडे ६ मिमी, उजवीकडे ६ मिमी, मिळून १२१२. याचे सात समान भाग करायचे. एक भाग १७३.१४ मिमी येतो आणि मधल्या सहा खुणा सळयांच्या मध्यावर पडतात. आता प्रत्येक मोकळा खण १६१.१४ मिमी. चौकटीच्या आतल्या कडेपासून पहिली खूण १६७.१४ वर, पुढची प्रत्येक १७३.१४ ने. पडताळा घ्या: १६७.१४ मध्ये पाच वेळा १७३.१४ मिळवले की १०३२.८६. त्यात अर्धी सळई ६ आणि शेवटचा खण १६१.१४ मिळवला की बरोबर १२००.

आता हे १२१२ चे सात भाग आकडेमोड न करता कसे पाडायचे? कागदावर एकास दहा प्रमाणात १२.१२ सेमीचा रेषाखंड अब काढा. अ पासून साधारण ३०° ते ४०° चा एक किरण काढा. कंपास कितीही उघडा (इथे १.७ ते २ सेमी सोयीचं), आणि किरणावर अ पासून सात सारखी पावलं टाका. सातवं टोक ब ला जोडा. उरलेल्या सहा बिंदूंतून या रेषेला समांतर रेषा काढल्या की त्या अब ला सात समान भागांत छेदतात. दहावीच्या समरूपतेच्या प्रकरणात तीन समांतर रेषा आणि त्यांच्या छेदिका यांचा जो गुणधर्म आहे, तोच इथे सहा वेळा वापरला आहे. किरणावरचे अंतरखंड सारखे, म्हणून अब वरचेही सारखे.

या रचनेत मुलं तीन ठिकाणी हमखास चुकतात. एक, अ ला पहिला बिंदू मोजतात, मग सात बिंदू झाले तरी भाग सहाच होतात. दोन, किरण फार लवता, १०° चा वगैरे काढतात. मग सात पावलांची लांबी अब पेक्षा बरीच कमी-जास्त झाली तर समांतर रेषा अब ला इतक्या तिरप्या छेदतात की छेदनबिंदू म्हणजे पेन्सिलीचा एक लांबट डाग होतो आणि त्यातला खरा बिंदू कुठला ते कळत नाही. तीन, दोन गुण्यांनी समांतर रेषा सरकवताना खालचा गुण्या हलतो. पहिल्या रेषेत हे दिसत नाही, पाचव्या-सहाव्या रेषेला दिसतं. म्हणून समांतर रेषा नेहमी दूरच्या टोकाकडून, म्हणजे ब कडून अ कडे काढत याव्या. ब शी रेषा जुळलेली असते, तिथे तपासता येतं. आणि अधूनमधून गुण्या परत ब वर नेऊन बघावा.

वर्कशॉपमध्ये हीच रचना टेपने करतात. जमिनीवर १२१२ ची रेघ मारा, दोन्ही टोकांना गुण्या लावून लंब काढा. टेपचं शून्य डाव्या टोकावर धरा आणि टेप तिरपा करत जा, जोवर उजव्या लंबावर सातने भाग जाणारा आकडा येत नाही. १२२५ घ्या, सात गुणिले १७५. टेप उजवीकडे फक्त १७८ मिमी वर जातो. मग १७५, ३५०, ५२५, ७००, ८७५, १०५० वर खुणा करून प्रत्येकीतून खाली लंब टाका. १४०० घेतलं (सात गुणिले २००) तर आकडे आणखी गोल येतात, पण टेप ७०१ मिमी वर चढतो. इथे कागदावरच्या नियमाच्या उलट आहे. गुण्या अर्ध्या अंशाने चुकीचा असला तर १७८ उंचीवरून खाली येताना चूक दीड मिमी होते, ७०१ वरून येताना सहा मिमी. कागदावर छेद नीट मिळावा म्हणून किरण उभा हवा. जमिनीवर लंब आधीच काटकोनात असतात, म्हणून तिरपेपणा जितका कमी तितका बरा.

खालच्या भागाबद्दल एवढं पुरे.

वरचा भाग : पहिली आखणी आणि तिच्यातली खोट

आधी पाया. व्यासाची रेघ आडव्या सळईच्या मध्यातून जाऊ द्यावी, तिच्या वरच्या कडेने नव्हे. मग सगळ्यात खालच्या दोन खणांतूनही दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी सळई वजा होते, आणि खाली जी जाडीची भानगड झाली ती इथे मुळातच टळते. मध्यबिंदूवर आठही सळया एकत्र आणायच्या नाहीत. त्या तिथे मावणारच नाहीत. वीस-वीस अंशांवरच्या १२ मिमी सळया मध्यापासून ३४ मिमीवरच एकमेकींना चिकटतात. म्हणून १०० मिमी त्रिज्येचं एक छोटं अर्धवर्तुळ मध्यभागी घ्यायचं आणि सळया त्यावर संपवायच्या. तिथे दोन सळयांमध्ये सुमारे २३ मिमी मोकळे राहतात, वेल्डिंगचा रॉड आत जाऊ शकतो.

आता खुणा. पहिलं पाऊल सगळ्यांना येतं. त्रिज्येएवढंच, म्हणजे ६०० मिमी उघडून अर्धवर्तुळावर पावलं टाकली की ६०° आणि १२०° च्या खुणा बिनचूक मिळतात. १८०° चे तीन भाग झाले. उरलं एवढंच, की प्रत्येक ६०° चे आणखी तीन भाग करायचे.

इथे एक फसवी वाट समोर येते. नुकतेच आपण रेषाखंडाचे सात भाग केले, मग तीन करणं काय अवघड? ० आणि ६०° या खुणा जोडणारी जीवा काढायची. ती ६०० मिमीची आहे, समभुज त्रिकोणाची बाजूच. तिचे २००-२०० चे तीन भाग करायचे, मध्यापासून त्या बिंदूंतून रेघा काढून कमानीपर्यंत न्यायच्या. कागदावर छोट्या आकृतीत हे इतकं चपखल दिसतं की शंका येत नाही.

पण कोन मोजले तर १९.१°, २१.८° आणि १९.१° येतात. ६०० च्या त्रिज्येवर कमानीवरची अंतरं २००, २२८ आणि २०० मिमी. मधला खण २८ मिमीने मोठा. आणि हा नमुना तीनदा येतो: लहान, मोठा, लहान, लहान, मोठा, लहान, लहान, मोठा, लहान. ग्रिल भिंतीत बसवल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं की काहीतरी बिनसलं आहे.

कारण डोळ्याने समजणारं आहे. जीवेचे तीन तुकडे सारख्या लांबीचे आहेत, पण मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर नाहीत. मधला तुकडा सगळ्यात जवळ आहे आणि समोरासमोर आहे. बाजूचे दोन दूर आहेत आणि तिरपे आहेत. एकाच मापाची खिडकी जवळून पाहिली तर डोळ्यासमोर जास्त जागा व्यापते, तसंच. नेमका हिशेब असा: मधल्या कोनाच्या निम्म्याचा टॅन्जंट हा मूळ कोनाच्या निम्म्याच्या टॅन्जंटचा एक तृतीयांश असतो.

हे सूत्र वेगवेगळ्या कोनांना लावून पाहिलं की ही चूक इतकी चिवट का आहे ते उमगतं. ३०° च्या कोनाला मधला भाग १०.२° आणि बाजूचे ९.९° येतात. विद्यार्थ्याच्या कोनमापकावर हा फरक दिसूच शकत नाही, म्हणून वहीत ही रीत बरोबर ठरते. ९०° ला मधला ३६.९° आणि बाजूचे २६.६°. १२०° ला तर ३०°, ६०°, ३०°, म्हणजे मधला बरोबर दुप्पट. आणि १८०° ला जीवा म्हणजे व्यासच, मध्यबिंदू त्याच्यावरच बसलेला; सगळे १८०° मधल्या तुकड्याच्या वाट्याला जातात आणि बाजूच्यांना शून्य. वर्गात ही रीत खोडून काढायची तर लहान कोन घेऊन वाद घालत बसू नये, सरळ १२०° चा कोन द्यावा.

रेषाखंड होतो, कोन का होत नाही

लबाडी कुठे आहे हे समजलं तरी प्रश्न उरतोच: दुसरी एखादी चतुर रचना नसेल?

रेषाखंडाची रचना नीट पाहा. त्यात आपण दिलेला रेषाखंड भागलाच नाही. आधी मनाने घेतलेली एक लांबी सात वेळा टाकली, म्हणजे गुणाकार केला. मग ती सातांची माळ समांतर रेषांनी दाबून अब एवढी केली. समरूपतेत आकृती हवी तेवढी लहान-मोठी करता येते आणि गुणोत्तरं तशीच राहतात, यावर सगळा डोलारा उभा आहे.

कोनालाही गुणता येतं. कोणताही लहान कोन घेऊन तो तीनदा शेजारी-शेजारी मांडा, तिप्पट झाला. पण पुढचं पाऊल अडतं. ती तिप्पट दाबून ६०° वर आणायची कशी? आकृती लहान केली, मोठी केली, तरी कोन आहे तेवढाच राहतो. मोबाइलवर बोटांनी चित्र ताणलं तरी समभुज त्रिकोणाचा कोन ६०° चा ६०° च. रेषाखंडाला जी गोष्ट वाचवते, तीच कोनाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. दुभाजन जमतं ते वेगळ्याच कारणाने: सममितीमुळे. समद्विभुज त्रिकोणाचा मधला आस दोन भाग करतो. तीन भागांना तशी सममिती नाही.

बीजगणितात हेच असं दिसतं. पट्टी-कंपासाने जी लांबी काढता येते ती बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्यांनीच मिळते. २०° चा कोसाइन क्ष धरला तर तिप्पट कोनाच्या सूत्रावरून ८क्ष³ − ६क्ष − १ = ० हे घनसमीकरण येतं. त्याला एकही परिमेय मूळ नाही, आणि तसं असलं की वर्गमुळं कितीही रचली तरी त्याचं उत्तर हाती लागत नाही. वांत्झेलचा युक्तिवाद हाच.

याचा अर्थ कुठलाच कोन त्रिभाजित होत नाही असा नव्हे. ९०° चे तीन भाग होतात, १८०° चेही होतात, आत्ताच केले. ६०° चे होत नाहीत. आपल्या कमानीसाठी तिसाच्या आत कुठल्या विषम संख्येचे खण नुसत्या पट्टी-कंपासाने पडतात? तीन, पाच, पंधरा आणि सतरा. सात, नऊ, अकरा, तेरा, एकोणीस आणि पुढचे सगळे अशक्य. सतराचं जमतं हे गाउसने १७९६ मध्ये दाखवलं, पण ते वर्कशॉपच्या जमिनीवर आखायला कुणी जाऊ नये. पाच खण घेतले तर कमानीवर प्रत्येक खण ३७७ मिमीचा होतो. ग्रिल कसली, मांजर काय, माणसाचं डोकं आत येईल. पंधरा घेतले तर खण १२६ मिमीचा, जाळी दाट आणि जड. म्हणून नऊच ठेवायचे आणि नियम मोडायचा.

नियम मोडण्याच्या चार वाटा

नियम एवढाच होता की पट्टीवर खुणा नकोत आणि पावलं मोजकी हवीत. लोखंडाच्या कामात ही अट कोण पाळतो?

पट्टीवर दोन खुणा करण्याची परवानगी घेतली तर कोनाचे अचूक तीन भाग होतात, आणि ही रचना आर्किमिडीजच्या नावावर आहे. व मध्य धरून २०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कोन अवब = ६०°, अ आणि ब वर्तुळावर. अव रेषा व च्या पलीकडे लांबपर्यंत वाढवा. एका सरळ पट्टीवर २०० मिमी अंतराने दोन खुणा करा. आता पट्टी सतत ब मधून जाईल अशी ठेवून सरकवा, जोवर एक खूण (क) वाढवलेल्या रेषेवर आणि दुसरी (ड) वर्तुळावर येत नाही. क जवळचा कोन बरोबर २०° असतो. पुरावा दोन ओळींचा: कड आणि डव दोन्ही २००, म्हणून त्रिकोण कडव समद्विभुज; क चा कोन क्ष असेल तर ड चा बाह्यकोन २क्ष, आणि वड = वब म्हणून ब जवळही २क्ष. अवब हा त्रिकोण कवब चा बाह्यकोन, म्हणजे क्ष + २क्ष = ३क्ष. क हा व पासून ३७६ मिमीवर पडायला हवा. तिथे नसेल तर पट्टी ब वरून सटकली आहे. अडचण ही की हा कोन क वर मिळतो, तो उचलून कमानीच्या मध्यावर न्यावा लागतो, आणि पट्टी एकाच वेळी तीन ठिकाणी जुळवताना एक-दीड मिमी इकडेतिकडे होतंच. फळ्यावर दाखवायला देखणी, कामाला मध्यम.

दुसरी वाट दुभाजनाची. एक चतुर्थांश अधिक एक सोळांश अधिक एक चौसष्टांश… ही बेरीज एक तृतीयांशाकडे जाते. ६०° साठी १५ + ३.७५ + ०.९३७५ + ०.२३४४ = १९.९२°. आठ दुभाजनं केल्यावर सिद्धांतात चूक ०.८ मिमी उरते. पण प्रत्येक दुभाजनात कंपासाचं टोक आपली चूक घालतं. चारच्या पुढे गेलं की अचूकता वाढत नाही, नुसत्या रेघा वाढतात.

तिसरी वाट बहुतेक कारागिरांची: अदमासे उघडून चालवत जाणं. डिव्हायडर २१० च्या आसपास उघडायचा, कमानीवर नऊ पावलं टाकायची, शेवटी जे उरेल किंवा वर जाईल त्याचा नववा भाग कमी-जास्त करायचा. १८ मिमी उरले तर २ मिमी उघडा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. ही रीत खरोखर चांगली आहे, फक्त तिच्यात चूक साठत जाते. उघडण्यात अर्धा मिमी फरक राहिला तर नवव्या पावलाला साडेचार मिमी. आणि पहिल्याच फेरीत पंच मारून (लोखंडावर टोकदार खूण ठोकून) मोकळं झालं की मग चुकीच्या खुणा आणि बरोबर खुणा शेजारी-शेजारी बसतात.

चौथी वाट आकड्याची, आणि आमच्या मते याच कामाला ती सगळ्यात योग्य. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या बाजूंसाठी रचना न देता सरळ गुणक दिले आहेत: व्यासाला त्या संख्येने गुणा आणि १,२०,००० ने भागा. नवकोनासाठी ‘कु-राम-दश-वेद’, म्हणजे शब्दांत लिहिलेले आकडे १, ३, १०, ४; उलटीकडून वाचलं की ४१०३१. आपला व्यास १२००, म्हणून बाजू ४१०.३ मिमी. आजच्या हिशेबाने ४०° ची जीवा १२०० × साइन २०° = ४१०.४ मिमी. बाराव्या शतकातला आकडा आणि कॅल्क्युलेटर यांच्यात एक दशांश मिलिमीटरचा फरक. खडूची रेघ त्याच्या वीसपट जाड असते.

पण आपल्याला २०° हवेत, ४०° चं काय करायचं? इथेच गंमत आहे. आपल्याकडे चार बिनचूक बिंदू आधीच आहेत: ०°, ६०°, १२०°, १८०°. टाकाऊ पट्टीला ४१०.४ मिमीवर दोन टोकदार खिळे वेल्ड करून एक कायमचं माप बनवा. ०° वरून पुढे टाका, ४० मिळाले. ६० वरून मागे टाका, २०. ६० वरून पुढे, १००. १२० वरून मागे, ८०, पुढे, १६०. १८० वरून मागे, १४०. सहा नव्या खुणा, आणि प्रत्येक खूण अचूक बिंदूपासून एकाच पावलावर. चूक साठायला जागाच नाही.

माप किंचित चुकलं असेल तर तेही कळतं. पट्टीचं माप मोठं झालं असेल तर २० ची खूण मागे आणि ४० ची पुढे सरकते, म्हणजे तिघांतला मधला खण फुगतो. शेजारच्यापेक्षा तो जितका मोठा दिसेल, त्याच्या एक तृतीयांशाने खिळ्यांमधलं अंतर कमी करा. मधला लहान असेल तर तेवढंच वाढवा. कोनमापकाच्या नादी मात्र लागू नये: अर्ध्या अंशाची वाचनातली चूक ६०० च्या त्रिज्येवर सव्वापाच मिमी होते.

पट्टी वाकवण्याआधी

एक पाचवी वाटही आहे, आणि तिच्यात भूमितीचा सगळा अडथळा चक्क वितळतो. कमानीची चौकट २५ × ६ मिमीच्या पट्टीची आहे. रोलरमधून वाकवण्याआधी ती सरळ आहे, म्हणजे रेषाखंड आहे. रेषाखंडाचे नऊ भाग तिरप्या टेपने बिनबोभाट पडतात. खुणा करा, मग वाकवा. सारख्या लांबीचे कंस म्हणजे सारखे कोन. पट्टी-कंपासाला जे जमत नाही ते तीन रोलर करून देतात, कारण लांबीचं कोनात रूपांतर करण्याची जी सोय कंपासाकडे नाही ती वाकण्यात आहे.

अट एक: माप कुठल्या त्रिज्येवर? पट्टी वाकताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. लांबी टिकते ती जाडीच्या मध्यावर. आतली त्रिज्या ६००, जाडी ६, म्हणून मध्याची ६०३. अर्धवर्तुळाची लांबी १८९४.४ मिमी, एक भाग २१०.५. आतल्या त्रिज्येने हिशेब करून १८८५ चे नऊ भाग केले तर कमान पूर्ण झाल्यावर नववी खूण टोकाच्या साडेनऊ मिमी आधीच येते. दुसरी अट: तीन रोलरच्या मशीनमध्ये पट्टीची दोन्ही टोकं वाकत नाहीत, सरळ राहतात. म्हणून दोन्हीकडे जादा लांबी ठेवायची आणि वाकवल्यावर कापायची. खुणा जादा लांबी सोडून मोजायच्या, आणि त्या खडूने न करता पट्टीच्या ६ मिमीच्या कडेवर पंचने करायच्या, नाहीतर रोलर त्या पुसून टाकतो. वाक एकसारखा नसेल, कुठे घट्ट कुठे सैल, तर ही रीत फसते. म्हणून वाकवलेली पट्टी जमिनीवरच्या ६०० च्या आखणीवर ठेवून बघितल्याशिवाय तिच्या खुणांवर विसंबू नये.

गवंड्याची कमान १८०° ची नसते

वरचं सगळं गृहीत धरतं की कमान अर्धवर्तुळ आहे. बांधकामात ती बहुधा थोडी बसकी असते. समजा आतली रुंदी १२०० आहे, पण मध्यावरची उंची ६०० ऐवजी ५८८ भरली. बारा मिमीने काय होतं? त्रिज्या काढा: निम्म्या रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, भागिले दुप्पट उंची. ३,६०,००० + ३,४५,७४४ भागिले ११७६ = ६००.१. त्रिज्या जवळपास तीच राहिली, पण वर्तुळमध्य व्यासाच्या रेघेखाली १२ मिमी गेला आणि कमानीचा कोन १८०° वरून १७७.७° वर आला. आता २०° ची पावलं टाकत गेलं तर शेवटचा खण २४ मिमीने लहान येतो. अशा कमानीला प्रत्येक खण १९.७४° चा आणि त्याची जीवा २०५.८ मिमी. चार अचूक बिंदूंची युक्तीही इथे चालत नाही, कारण त्रिज्येचं पाऊल आता तीन वेळा पुरं बसत नाही. अदमासे चालवत जाण्याची तिसरी रीत इथे सगळ्यात भरवशाची, आणि सळया रुंदीच्या मध्यबिंदूकडे न वळवता १२ मिमी खालच्या खऱ्या मध्याकडे वळवायच्या.

उंची मोजताना सुतळी वापरू नये, ती ताणते. मध्यावर ओळंबा सोडून टेपने मोजावं.

टाके मारण्याआधी

जमिनीवरची आखणी पूर्ण झाली की दोन मापं घ्यायची. व्यासाच्या मध्यावरचा उभा लंब कमानीला जिथे भेटतो, तिथे ९०° आहे, आणि तो पाचव्या खणाच्या बरोबर मधोमध पडला पाहिजे. ८०° आणि १००° या दोन्ही खुणा त्या लंबापासून काटकोनात मोजल्या तर १०४.२ मिमीवर हव्यात. दुसरं, २०° आणि १६०° या खुणांमधली जीवा मोजा: १४० अंशांची, १२०० × साइन ७०° = ११२७.६ मिमी. दोन्ही मापं एक मिमीच्या आत जुळली तर पंच मारा.

टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते जोड, मारताना एका टोकापासून सुरुवात करू नये. वेल्डिंगचं आकुंचन एकाच दिशेला साठत जातं आणि शेवटची सळई दोन-तीन मिमी खेचली जाते. ८० आणि १०० आधी, मग २० आणि १६०, मग ६० आणि १२०, शेवटी ४० आणि १४०. प्रत्येक जोडीनंतर कमानीच्या दोन टोकांमधलं १२०० चं अंतर पुन्हा मोजायचं. चौकट उघडत असेल तर आडव्या सळईचा टाका पक्का करून मगच पुढची जोडी.